ठराव तुमचा आहे

मी वायरमन आहे. कागदोपत्री माझं पद 'तंत्रज्ञ' असं आहे, पण कुंडलच्या आसपासच्या वस्त्यांवरून फोन येतो तो "वायरमन बाई हायत का?" असाच. नोकरीच्या सुरुवातीला मी पोलवर चढले की खाली माणसं गोळा व्हायची. आता डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, शेजारी बांधलेल्या म्हशी तेवढ्या वर बघतात.

सांगलीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. आमचं घर जैनांचं, शेती द्राक्षाची आणि उसाची. पोरीला तारांवर चढवणार का, असं पाहुणे विचारायचे तेव्हा माझे वडील म्हणायचे, "अंधारात बसलेल्याच्या घरात उजेड करायचा. ह्याच्यात वाईट काय हाय?" लग्न झालं तरी नोकरी राहिली. नवरा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कामाला आहे. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्याच्या शर्टाला हळदीचा वास असतो आणि माझ्या हातांना ग्रीसचा.

युनियनची मी सभासद होते, पण ती नावापुरती. सभा असली की मागं बसायचं, टाळ्या वाजल्या की वाजवायच्या, आणि चहा झाला की निघायचं. बोलायचं काम पुढं बसणाऱ्यांचं, अशी माझी समजूत होती. तशी ती कुणी करून दिलेली नव्हती, माझी मीच करून घेतलेली.

त्या वर्षी दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली, आणि अधिवेशनाचं पत्र आलं. आमच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन साताऱ्यात भरणार होतं. राज्यातल्या प्रत्येक शाखेनं आपला एक प्रतिनिधी निवडून पाठवायचा होता. आमच्या शाखेतून दरवर्षी तात्या जायचे. तात्या म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने लाइनमन. निवृत्तीला आलेले, पण अजून शिडीशिवाय पोलवर जाणारे. त्यामुळं निवड हा नुसता उपचार, असं समजून सगळे वीज उपकेंद्राच्या आवारातल्या कडुलिंबाखाली जमले होते.

तात्या उठले आणि म्हणाले, "यंदा मी जाणार न्हाई. वायरमन बाईला पाठवा."

कुणालाच काही कळेना. मलाही नाही. एकजण म्हणाला, "आवं तात्या, दोन दिवस ऱ्हायचं असतंय तिथं. ती कशी जाणार?"

"पोलवर कशी जाती? तशीच जाईल."

सगळे हसले. मग शाखेच्या सचिवांनी विचारलं, आणखी कुणाचं नाव आहे का? नव्हतं. "मग मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

मी मान खाली घालून बसले होते. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. "बघा तरी वर."

मी वर बघितलं. ते हात मी रोज बघत होते. त्यांनी मला पक्कड दिली होती, दोर ओढताना माझ्या हातांच्या वर-खाली तेच असायचे. एकाची करंगळी नव्हती. तात्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं भाजून आखडलेली होती, ती वर केल्यावरही मिटलेलीच राहिली. एवढ्या वर्षांत ते सगळे हात एकदम, रिकामे, माझ्यासाठी वर गेलेले मी पहिल्यांदाच बघत होते.  'मला जमणार नाही' असं म्हणायचं मी ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी एका उसाच्या फडाकडेच्या डीपीवर मी आणि तात्या कामाला होतो. काम करता करता मी विचारलं, "तात्या, तुम्ही 'नाही' का म्हणालात?"

त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "अधिवेशनात पयल्यांदा वरीसभरात गेलेल्यांची नावं वाचत्यात. ज्याचं नाव यील त्याच्या शाखेचा माणूस उभा ऱ्हातो. मी लय वेळा बघितलंय. दुसरी मानसं उभी ऱ्हायची. आपल्या शाखेवर कवा पाळी आली न्हवती."

मग मला समजलं. त्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण गेला होता. वयानं माझ्याहून धाकटा, मला आक्का म्हणायचा. रीतसर लाइन बंद करून, परवानगी घेऊन तो पोलवर चढला होता. जवळच्या एका वस्तीवर कुणीतरी जनरेटर चालू केला आणि घरातला तो करंट उलटा लाइनीवर आला. एवढंच. त्याला काम शिकवलं होतं तात्यांनी. खाली दोर धरून उभे होते तेही तात्याच.

"माझ्यानं व्हायचं न्हाई, पोरी," तात्या म्हणाले. "गुडघं धरणार न्हाईत माझं. तू ऱ्हा उभी."

मी नुसती मान हलवली आणि कामाला लागले. नट आवळायचा होता म्हणून उजव्या हाताचा रबरी हातमोजा काढून कमरेला खोवला. तात्यांनी ते बघितलं.

"हातमोजा का काढलास?"

"नट धरता येत नाही त्यात. बोटं पुरत नाहीत माझी. पुढं नुसतं रबर राहतं."

"कवापासनं काढतीस?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली न्हाईस कवा?"

"कुणाला बोलणार, तात्या?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता शिव्या देणार. पण ते हळूच म्हणाले, "निघाली हायेस ना अधिवेशनाला? तिथं बोल. रिकामी जाऊ नगंस. ठराव घिऊन जा."

ठराव म्हणजे संघटनेपुढं मांडायची मागणी. ती लिहून आधी पाठवावी लागते आणि दुसऱ्या कुणीतरी तिला अनुमोदन द्यावं लागतं. सचिवांनी मला त्याची भाषा सांगितली. मी लिहिलं: लाइनवर काम करणाऱ्या महिलांना त्यांच्या मापाचे हातमोजे आणि सुरक्षा पट्टे मिळावेत. दोन ओळी. पाठवल्यावर वाटलं, एवढ्या मोठ्या अधिवेशनात लोक पगाराचं बोलतील, भरतीचं बोलतील, त्यात आपलं हे काय हातमोज्याचं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी अधिवेशन म्हणजे काय ते विचारलं नाही, कोण कोण असणार तेही विचारलं नाही. त्यांची काळजी एकच. आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, आणि कांदा-लसूण-बटाटाही चालत नाही. "तिथं तुझ्या जेवणाचं काय?" दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी बांधून दिली. मी बॅग भरत होते तशा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बोलायचं असतंय का तिथं?"

"असतंय, आई."

"मग मोठ्यानं बोल. तू घरात लय हळू बोलतीस."

जिल्ह्यातले सगळे प्रतिनिधी सांगलीत विश्रामबागला वीज कंपनीच्या ऑफिसपाशी जमून एका गाडीनं जाणार होते. नवऱ्यानं मला पहाटे मोटारसायकलवरून तिथं सोडलं. गाडीला वेळ होता. तेवढ्यात आमच्या त्या गेलेल्या सहकाऱ्याची बायको आली. त्याच्या जागी तिला त्याच ऑफिसात नोकरी मिळाली होती. ऑफिस उघडायच्या किती तरी आधी ती आली होती, फक्त मला गाठायला.

"आक्का, तिथं त्यांचं नाव वाचणार हायत म्हणं."

"हो."

"आडनाव नीट वाचत्यात का बघा. लोक चुकवत्यात. दवाखान्यात चुकवलं, पेपरात चुकवलं."

मी तिचा हात धरला.  "मी बघते," एवढंच म्हणाले. गाडी सुटली तरी ती फाटकापाशी उभी होती.

कराड मागं पडलं, उंब्रज गेलं, आणि ऊन वर येता येता अजिंक्यतारा दिसायला लागला. अधिवेशनाच्या मंगल कार्यालयाच्या दारात मोठी कमान होती, झेंडे होते. नोंदणीच्या टेबलावर एका तरुण मुलीनं माझा बिल्ला शोधून काढला. त्यावर छापलं होतं, 'श्री.' आणि पुढं माझं नाव. ती बिचारी एवढी ओशाळली. "ताई, सगळे एकदम छापले ना," असं म्हणत तिनं पेननं 'मती' जोडलं आणि बिल्ला स्वतःच्या हातानं माझ्या पदराला लावला. बिल्ल्याखाली लाल रिबन होती, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'प्रतिनिधी'.

आत गेले आणि दारातच थांबले.

एवढी माणसं एका छताखाली मी लग्नकार्यातही बघितली नव्हती. आणि ही सगळी माझ्यासारखीच. खरं सांगते, मला त्याचंच नवल वाटलं. पोलवर असताना माणूस फार एकटा असतो. खाली कुणीतरी असतं, पण तारेपाशी तुम्ही एकटे. मला आतापर्यंत वाटायचं की आमचं काम म्हणजे पलूस तालुक्यातले आम्ही दहा-पंधरा जण. इथं रांगेनं बसलेल्या माणसांच्या मनगटांवर, कपाळांवर तेच ठिणग्यांनी भाजल्याचे डाग होते. मानेला तीच वर बघून बघून आलेली सवय. माझ्या शेजारी कोकणातली एक ऑपरेटर बाई बसली होती. तिनं पहिल्याच दमात सांगितलं की वादळानं तिच्याकडचे पोल आडवे झाले होते, तेव्हा तारांची भेंडोळी होडीतून न्यावी लागली. मागं विदर्भातले एक वयस्कर लाइनमन होते. त्यांच्याकडं जंगलातून लाइन जाते, आणि पेट्रोलिंगला, म्हणजे लाइन तपासायला, निघाले की आधी जनावरांचा माग बघतात म्हणाले. हे सगळं ते अगदी सहज सांगत होते. मी नुसती ऐकत होते. ज्या राज्याचा नकाशा मी शाळेत रंगवला होता, तो इथं माणसांचा होऊन बसला होता.

मग व्यासपीठावरून सरचिटणीसांनी सांगितलं, आता आपण श्रद्धांजली वाहू. सभागृह एकदम शांत झालं. पंखेसुद्धा ऐकू यायला लागले.

एक नाव, एक गाव. नाव घेतलं की कुठून तरी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि एक माणूस उभा राहायचा. काही बोलायचा नाही. नुसता उभा. मग पुढचं नाव, आणखी एक खुर्ची. समोरच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते, पण मान ताठ होती. विदर्भातले ते काका उभे राहिले. मला वाटलं नव्हतं की एवढे असतील. माझं लक्ष नावाकडं होतं. मनात एकच, आडनाव नीट वाचलं पाहिजे, नाही तर मी इथून ओरडून सांगेन.

त्याचं नाव आलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि आडनाव अगदी बरोबर. गावसुद्धा.

मी उभी राहिले. माझ्या गुडघ्यांनी धरलं. आजूबाजूला माणसं झाडांसारखी उभी होती, मधे मधे, आणि बाकीचे बसलेले. जो उभा आहे त्यानं कुणाला तरी गमावलंय, हे सांगावं लागत नव्हतं. सगळी नावं संपली तेव्हा व्यासपीठावरचे उठले, मग उरलेलं सगळं सभागृह उठलं. एवढ्या माणसांच्या एकदम उठण्याचा जो आवाज झाला तो मी अजून विसरले नाही. तो टाळ्यांचा नव्हता, घोषणांचा नव्हता. लांबून पाऊस उसावर येतो ना, तसा होता.

मी कुठल्याही मंदिरात इतकी नम्र झाले नव्हते. कुंडलच्या डोंगरावर लहानपणापासून दर्शनाला जाते, तरी.

चहाच्या सुट्टीत मी बाहेर येऊन त्याच्या बायकोला फोन लावला. "वाचलं. नीट वाचलं. सगळं सभागृह उभं राहिलं."  मग ती म्हणाली, "किती मानसं हुती, आक्का?" मी म्हणाले, "मला मोजता आली नाहीत."

दुपारभर अहवाल झाला, भाषणं झाली. ठरावांची वेळ येईपर्यंत उन्हं कलली. माझं अर्धं लक्ष खिडकीकडं. हिवाळ्याचे दिवस, सूर्य लवकर मावळतो. नोंदणी करताना मी जेवणाचं सांगून ठेवलं होतं, आणि दुपारी भटारखान्यातले एक मामा मला शोधत आले होते. साताऱ्याजवळच्याच खेड्यातले, निवृत्त लाइनमन. अधिवेशन त्यांच्या जिल्ह्यात, म्हणून स्वयंपाकाची जबाबदारी त्यांनी घेतलेली. "आवं ताई, तुमी दिवस मावळायच्या आत जेवता व्हय? काळजी करू नगासा. तुमचं येगळं करून ठेवतो, कांदा न्हाई, लसूण न्हाई." मी सांगितलं होतं की माझ्याकडं दशम्या आहेत. ते म्हणाले, "त्या गाडीत खावा. इथं आमच्या दारात गरम खायचं."

आता ते बाजूच्या दारात ताट घेऊन उभे होते आणि मला खुणेनं बोलवत होते. खिडकीतून दिसत होतं, डोंगराच्या कडेला सूर्य टेकला होता. नेमकं तेव्हाच अध्यक्ष म्हणाले, "पुढचा ठराव, सुरक्षा साधनांचा. सांगली जिल्ह्यातल्या आपल्या भगिनी मांडतील."

मी मामांकडं बघून मान हलवली आणि व्यासपीठाकडं चालू लागले.

मी बोलायचं लिहून नेलं होतं, पण माइकसमोर ते डोळ्यांना दिसेचना. अक्षरं सगळी एकात एक मिसळली. पर्समध्ये माझा हातमोजा होता. तो मी आणला होता कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. तो काढला, उजव्या हातात घातला आणि हात वर धरला.

"हे बघा," मी म्हणाले. माझाच आवाज मोठा होऊन परत आला तेव्हा दचकले. मग सासूबाई आठवल्या आणि आवाज चढवला. "माझी बोटं इथं संपतात. पुढं हे रिकामं रबर आहे. ह्यानं मला नट धरता येत नाही, म्हणून मी हातमोजा काढते. मला भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण लोक अंधारात बसलेले असतात आणि काम तर झालं पाहिजे. कमरेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी सैल राहतो. सकाळी आपण सगळे आपापल्या माणसांसाठी उभे राहिलो. पुढच्या वर्षी माझ्यासाठी कुणाला उभं राहावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

बोलून झालं. हात अजून वरच होता. रबराची टोकं खाली लोंबत होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, चुकलं काहीतरी.

मग कोकणातल्या बाई उठल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "माझं अनुमोदन आहे." पाठोपाठ मागून आवाज आला, "अध्यक्ष महोदय, मला एक दुरुस्ती सुचवायची आहे." विदर्भातले ते काका. त्यांनी स्वतःचा हात वर केला. लहानखुरा होता, बारीक चणीच्या माणसाचा. "ह्या ठरावात 'महिलांना' लिहिलंय. पण बाई जे सांगून राहिली ना, ते माझंही आहे. मी इतकी वर्षं हातमोजा काढूनच काम करतो. लाजेपोटी कोणाला बोललो नाही. लोक म्हणतील, गड्याचा हात बाईसारखा आहे. 'महिलांना' काढा आणि 'प्रत्येक कामगाराला' लिहा."

आता मात्र सभागृहात कुजबूज सुरू झाली. इकडून तिकडून माणसं आपापल्या तळव्यांकडं बघत होती. मी अध्यक्षांकडं बघितलं, ते काय ठरवतात म्हणून. मोठी माणसं होती ती व्यासपीठावर. मंत्र्यांशी बोलणारी, पेपरात फोटो येणारी. अध्यक्ष माइकवर वाकले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, दुरुस्ती मान्य आहे का?"

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मी म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगाल तसं."

"मी सांगून चालत नाही. ठराव तुमचा आहे. मान्य आहे की नाही, ते तुम्हीच सांगायचं."

आणि ते थांबले. व्यासपीठावरचे सगळे थांबले. समोरचं अख्खं सभागृह थांबलं. होडीतून तारा नेणारे, जंगलातून लाइन फिरणारे, सगळे माझ्याकडं बघत बसले होते, आणि मी बोलेपर्यंत पुढं काही होणार नव्हतं. माझ्या आयुष्यात माझ्या 'हो'साठी इतकी माणसं कधी थांबली नव्हती. लग्नातसुद्धा नाही. माझ्या अंगावर क्षणभर काटा आला. भीतीचा नव्हता तो. एखादी फार मोठी वस्तू आपल्या हातात अलगद ठेवावी आणि ती आपल्याला पेलावी, तसं काहीतरी.

मी त्या काकांकडं बघितलं. त्यांचा हात अजून वर होता.

"मान्य आहे," मी म्हणाले.

मतदानाला प्रतिनिधींनी आपापली लाल कार्डं वर केली आणि सगळं सभागृह शेवटच्या रांगेपर्यंत लाल झालं. अध्यक्षांनी विरोधात कोण आहे ते विचारलं. कुणी नव्हतं. "ठराव एकमतानं मंजूर." टाळ्या वाजल्या त्या तेव्हा. मी खाली उतरले तर ज्यांना मी ओळखतही नव्हते ती माणसं रांगेतून हात पुढं करून माझा तो रबर घातलेलाच हात हातात घेत होती. हातमोजा काढायचं मला सुचलंच नव्हतं.

बाहेर आले तेव्हा दिवस पूर्ण मावळला होता. मामा दारातच होते. मी म्हणाले, "मामा, माफ करा, तुमचं ताट वाया गेलं."

"वाया कसलं? तुमी बोलत हुता तवा मी हितंच हुतो. ताट हातात धरूनच ऐकलं समदं. मग त्या दाराशी बसलेल्या शिपायाला दिलं. अन्न हाय, वाया जाईल व्हय?" मग म्हणाले, "ताई, माझा थोरला भाऊ पोलवरनं पडला. पट्टा तुटला हुता. लय वर्सं झाली." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "सकाळी दिवस उगवला की ताट तयार हाय. तुमी आल्याशिवाय चहापन करणार न्हाई मी."

उपास मला नवा नाही, पण त्या रात्रीचा उपास हलका गेला. सकाळी ऊन पडल्यावर भटारखान्यात गेले, तर खरोखरच चुलीपाशी पाट मांडला होता. गरम भाकरी, वरण, दोडक्याची भाजी. सकाळच्या वेळी पूर्ण ताट. कोकणातल्या बाई, विदर्भातले काका, आमच्या जिल्ह्यातले दोघं-तिघं, सगळे चहा घेऊन माझ्याभोवती बसले. मी जेवत होते आणि काका सांगत होते की घरी फोन केला तर बायको म्हणाली, एवढ्या वर्षांत मला पण नाही सांगितलं?

परत आल्यावर कडुलिंबाखाली सभा झाली. प्रतिनिधीनं येऊन अहवाल द्यायचा असतो. मी उभी राहून सगळं सांगितलं. तात्या पहिल्या रांगेत होते. नावं वाचल्याचं सांगताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही. सभा संपल्यावर ते जवळ आले, माझ्या डोक्यावर तो आखडलेला हात ठेवला आणि सायकलकडं गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले.

संघटनेनं ठराव कंपनीपुढं नेला, बैठका झाल्या, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातम्या यायच्या आणि मग महिनोन् महिने काहीच यायचं नाही. मी आशा सोडली होती. एके दिवशी विभागाच्या स्टोअरमधून दोघं आले, सोबत कागद आणि पेन्सिली. टेबलावर कागद पसरला आणि म्हणाले, एकेकानं या, तळवा ठेवा, बोटं पसरा. पेन्सिल बोटांच्या कडेकडेनं फिरवून ते प्रत्येकाचा हात उतरवून घेत होते. आमच्यातले रांगडे गडी, एरवी कशाचीही थट्टा करणारे, गप्प उभे होते. आपला नंबर आला की हात पँटला पुसायचे, मग कागदावर ठेवायचे आणि पेन्सिलीकडं बघत राहायचे. करंगळी नसलेला गडी आला तेव्हा स्टोअरवाला जरा घुटमळला. गडीच म्हणाला, "जेवढं हाय तेवढं काढा."

हातमोजे आले. तीन मापांत आले. माझ्या मापाचे पहिल्या खेपेला कमी पडले, दुसऱ्या खेपेला मिळाले. ते घालून मी पहिल्यांदा नट आवळला तो कुंडलच्या बाहेरच्या एका डीपीवर, भर दुपारी. खाली शेतकरी ओरडत होता, "झालं का, बाई?" आणि मी मुद्दाम आणखी एकदा आवळून बघत होते.

पट्ट्यांचं अजून झालेलं नाही. पाठपुरावा चालू आहे.